सल्ला हवा: व्हायरल तापासाठी ज्येष्ठमध-कालमेघ, आणि सोबत बीपीची गोळी

निशिगंध:
आईचं वय ६८. साथ आली की घरात पहिला ताप तिलाच येतो. पंधरा दिवसांपासून तिने ज्येष्ठमध आणि कालमेघाची पूड रोज दोनदा सुरू केली आहे, 'विषाणू मरतात' असं कुठेतरी वाचून. बीपीच्या गोळीसोबत लघवी जास्त होण्याची गोळीही चालू आहे. मला वनौषधींचं वावडं नाही. फक्त यातलं काय चालेल हे जाणकारांनी सांगावं.

रानवाट:
ज्येष्ठमध आजच थांबवा, बाकीचं मग बोलू. त्यातलं ग्लायसिरायझिन अंगात मीठ-पाणी धरून ठेवतं, बीपी चढवतं आणि पोटॅशियम उतरवतं. लघवीच्या बऱ्याच गोळ्यांनीही पोटॅशियम उतरतं. दोन्ही एकत्र आलं तर पायात गोळे, थकवा, अगदी हृदयाचे ठोकेही बिघडू शकतात. डॉक्टरांना पुडीबद्दल सांगा आणि रक्तातलं पोटॅशियम तपासून घ्या.

'विषाणू मरतात' या दाव्याला आधार आहे. २००३ मध्ये सार्सच्या विषाणूची वाढ ग्लायसिरायझिनने रोखली होती, पण प्रयोगशाळेत वाढवलेल्या पेशींमध्ये, आणि तीही भरपूर मात्रेत. चमचाभर पुडीतून रक्तात तेवढं पोचत नाही. बीपी चढायला मात्र थोडंही पुरतं.

पानगळ:
पण म्हणून झाडपाला सरसकट बाद करू नका हो. फ्लूवरचं ओसेल्टामिविर चक्रफुलातल्या शिकिमिक आम्लापासूनच बनवत आले आहेत. ग्रीन टीच्या अर्काच्या मलमाला २००६ मध्ये अमेरिकेत मान्यता मिळाली, एचपीव्ही विषाणूमुळे जननेंद्रियांवर येणाऱ्या चामखिळींसाठी.

रानवाट:
अगदी खरं, आणि म्हणूनच मला या विषयाची ओढ आहे. पण शिकिमिक आम्ल हा कच्चा माल. त्यावर बऱ्याच रासायनिक प्रक्रिया झाल्यावर औषध तयार होतं, चक्रफूल उकळून ते मिळत नाही. मलमाचं म्हणाल तर त्याची मात्रा ठरलेली आहे, ते लावायचं कुठे हे ठरलेलं आहे, आणि माणसांवर चाचण्या झाल्या आहेत. पुडीच्या बाबतीत यातलं काहीच ठरलेलं नसतं.

निशिगंध:
ज्येष्ठमध बंद केलं. उद्या रक्त तपासायला जातोय. कालमेघाचं काय?

सांजवारा:
सर्दी-खोकल्याच्या त्रासात त्याने थोडा आराम पडल्याचं काही चाचण्यांत दिसलंय, पण बऱ्याच चाचण्या लहान आणि कच्च्या आहेत. क्वचित तीव्र अ‍ॅलर्जी येते. बीपीची गोळी चालू असताना डॉक्टरांना न विचारता मी तरी दिला नसता.

आईंना फ्लूची लस दिलीय का? या वयात ती दरवर्षी घ्यावी. आणि फ्लूची शंका आली तर घरी वाट पाहू नका. ओसेल्टामिविर पहिल्या ४८ तासांत सुरू झालं तर जास्त उपयोगी पडतं.

निशिगंध:
लस राहिलीच आहे. उद्या तेही विचारते.