प्लायवर ऑइल पेंटिंग करायचंय, अस्तर कसं द्यावं?

प्रश्न: १२ मिमीचा मरीन प्लाय दीड बाय दोन फूट कापून आणलाय. राहतो रत्नागिरीत, हवा दमट. हार्डवेअरवाल्याकडचा पांढरा वुड प्राइमर थेट मारला तर?

उत्तर: नको हो, तो दारं-खिडक्यांचा माल. १८० नंबरच्या पॉलिश पेपरने रेषेच्या दिशेने घासा, धूळ नीट टिपा. मग ॲक्रिलिक मीडियमचे (रंग नसलेलं, वाळल्यावर पारदर्शक होणारं ॲक्रिलिक) दोन हात. पाठीला आणि कडांनाही द्या! तिथेच सगळे आळस करतात, आणि पावसाळ्यात फळी बाक धरते. लाकडाचा पिवळेपणा वर येणंही मीडियमने बरंच अडतं. वरून जेसोचे (चित्राखाली देतात ते पांढरं अस्तर) तीन-चार पातळ हात, एक आडवा, एक उभा. प्रत्येक हात वाळला की ३२० ने हलकं घासायचं. पण काचेसारखं गुळगुळीत नको, रंगाला धरायला काहीतरी हवं ना. बोटाला अंड्याच्या टरफलासारखं लागलं की थांबा. तेलरंग तीन दिवसांनी.

दुसरे सदस्य: एमडीएफ (लाकडाचे तंतू दाबून केलेला बोर्ड) घेतला तर? घासाघाशी वाचेल.

उत्तर: वाचेल, पण त्याच्या कडा पाणी पिऊन फुगतात. कडांना मीडियमचा एक हात जास्त द्या. आणि मोठ्या मापात फार जड होतो, खिळा जाडच ठोका.

प्रश्नकर्ता: पाठीचं डोक्यातच नव्हतं. जेसो रोलरने मारला तर चालेल?

उत्तर: चालेल की. फोमचा घ्या, बुडबुडे दिसले तर ओल्यातच ब्रश फिरवा.