मदत हवी आहे: ३५ आठवड्यांचं बाळ, दूध काढून बाटलीने पाजतेय पण पुरत नाही

नमस्कार. माझ्या मुलीला आज १७ दिवस झाले. माझं बीपी फार वाढल्यामुळे ३५ व्या आठवड्यातच सिझेरियन करावं लागलं. जन्माचं वजन २ किलो १०० ग्रॅम. पहिले सहा दिवस ती काचेच्या पेटीत होती आणि मी वरच्या मजल्यावर. दोन दिवस तर मला तिला हातही लावता आला नाही. दूध उतरलं तेच पाचव्या दिवशी.

आता घरी आलोय. छातीशी धरलं की दोन-चार वेळा चोखते आणि तिथेच झोपून जाते. तळपायाला गुदगुल्या केल्या, कान चोळले, तरी उठत नाही. डॉक्टर म्हणाले, अजून ताकद नाही, तोवर काढून पाजा. म्हणून इलेक्ट्रिक पंप आणला. दिवसातून ६ वेळा लावते. उजवीकडून २५-३० मिली निघतं, डावीकडून १० च्या वर जात नाही. चोवीस तासांचं मिळून जेमतेम २२०. तिला हवं ३२० (८ वेळा ४० मिली). उरलेलं १०० डब्याचं द्यावं लागतं. डबा उघडताना प्रत्येक वेळी पोटात कालवतं.

डाव्या बाजूला काखेकडे एक गाठही लागतेय. मालिशवाल्या मावशी गरम तेल लावून ती जोरात चोळतात, डोळ्यांतून पाणी येतं. ताप नाही.

मी माहेरी अकोल्याला आहे. मे महिना कसा असतो ते इकडच्यांना सांगायला नको. कूलर चालू असतानाही खोलीत ३३-३४ डिग्री, आणि दुपारी लाइन जाते ती दीड-दोन तास येत नाही. काढलेलं दूध किती वेळ बाहेर चालतं? आत्या म्हणते ओल्या फडक्यात गुंडाळून माठापाशी ठेव. तीच आत्या असंही म्हणते की काढलेलं दूध शिळं, त्यात सत्त्व राहत नाही, मग डब्याचंच काय वाईट! आई बिचारी अळीवाची खीर आणि डिंकाचे लाडू करून थकली. बघायला येणाऱ्या बायांचा पहिला प्रश्न, "अंगावर पीत नाही का?" नाही म्हटलं की माझ्याकडे बघतात. रात्री ती रडली की पान्हा फुटतो, गाऊन भिजतो, आणि मी पंपाच्या नळ्या जोडत बसलेली असते.

दूध वाढवायचं कसं, साठवायचं कसं, आणि ती पुढे अंगावर येईल का, एवढं सांगा.

प्रतिसाद:

मी नवजात विभागात नर्स आहे. आधी गाठीचं. मावशींना उद्यापासून छातीला हात लावू देऊ नकोस. जोरात चोळल्याने आतली सूज वाढते आणि दूध आणखी अडतं. दूध काढून झाल्यावर दहा मिनिटं थंड फडकं ठेव. त्या बाजूचं दूध काढणं थांबवायचं नाही, पण रिकामं होईपर्यंत पिळतही बसायचं नाही. कातडी लाल झाली, थंडी वाजून ताप आला, तर त्याच दिवशी डॉक्टरांकडे.

आता दूध वाढवण्याचं. ६ वेळा कमी पडतं. बाळ अंगावर असतं तर दिवसातून ८ ते १२ वेळा प्यालं असतं, तेवढी मागणी शरीराला कळली पाहिजे. एकदा पाऊण तास बसण्यापेक्षा १५-२० मिनिटं, पण ८ ते १० वेळा. त्यातली एक वेळ मध्यरात्र ते पहाटे पाचच्या मधली. दूध बनवणारं प्रोलॅक्टिन रात्री जास्त असतं, ती वेळ चुकवू नकोस. सिझेरियन, बीपी, बाळ दूर, यात दूध उशिरा उतरणं नेहमीचंच आहे. तुझ्यात काही कमी नाही.

पंप झाला की दोन-तीन मिनिटं हाताने काढ. अंगठा वर, बोट खाली, निपलपासून दोन-अडीच सेंटिमीटर मागे. आधी बरगड्यांकडे दाबायचं, मग अंगठा आणि बोट एकमेकांकडे आणायचं, सोडायचं. कातडीवरून बोटं घासायची नाहीत. जागा बदलत गोल फिरायचं. डावीकडे तर हे करच. पंपाचं नरसाळंही तपास. बऱ्याच पंपांबरोबर २४ मिमीचं येतं आणि अनेकींना ते मोठं होतं. निपलभोवतीचा काळसर भागही आत खेचला जात असेल किंवा दुखत असेल, तर लहान माप मागव.

आणि पंप लावण्याआधी अर्धा-पाऊण तास तिला फक्त लंगोट-टोपीवर उघड्या छातीशी धर, वरून ओढणी. कांगारूसारखं. यानेही पान्हा येतो.

प्रतिसाद:

साठवण्याचं मी सांगते, मी यवतमाळची, माझं बाळही एप्रिलमधलं. २५ डिग्रीपर्यंतच्या खोलीत ४ तास म्हणतात, तुझ्या खोलीचं ते गणित नाही. काढलंस की लगेच पाज, नाहीतर लगेच फ्रिजमध्ये. माठ पाणी गार करतो, पण दूध टिकण्याइतकं थंड करत नाही, आत्यांना प्रेमाने समजाव. फ्रिजच्या दारात ठेवू नकोस, आत मागच्या बाजूला ठेव, तिथे ४ दिवस चालतं. एका डबीत ३०-४० मिलीच, म्हणजे वाया जात नाही. गार दुधात ताजं कोमट दूध ओतू नकोस, आधी तेही गार होऊ दे. लाइन जाण्याआधी डब्या थर्मोकोलच्या खोक्यात बर्फाच्या पॅकमध्ये ठेवायच्या आणि फ्रिज उघडायचाच नाही. मी सगळा उन्हाळा असाच काढला.

पाजताना डबी गरम पाण्याच्या वाटीत धरायची, गॅसवर किंवा मायक्रोवेव्हमध्ये नाही. साय वर आलेली दिसेल, हलकेच फिरवली की मिसळते. नासलेलं नसतं ते, मी पहिल्यांदा घाबरून ओतून दिलं होतं. बाटलीत उरलेलं उष्टं पुन्हा फ्रिजमध्ये नाही. पंपाचे दूध लागणारे भाग दर वेळी साबणाने धुवायचे आणि दिवसातून एकदा ५ मिनिटं उकळायचे. बाळ एवढं लहान आहे तर यात आळस नको.

बाटली उभी धरू नकोस, घोट ठसक्यात जातो. तिला जवळजवळ बसतं धर, बाटली आडवी, आणि तिने थांबलं की तूही थांब. आमच्याकडे तर आजीने चांदीचं बोंडलं काढलं होतं, त्याने बाळ थकत नसे.

प्रतिसाद:

शिळं म्हणणाऱ्यांना सायनच्या लोकमान्य टिळक रुग्णालयाचं सांग. तिथे १९८९ मध्ये आशियातली पहिली दूधपेढी सुरू झाली, डॉ. आर्मिडा फर्नांडिस यांच्या पुढाकाराने. आयांनी काढून दिलेलं दूध पाश्चराइज करून, गोठवून दुसऱ्यांच्या कमी दिवसांच्या बाळांना देतात. सत्त्व नसतं तर कुणी एवढा खटाटोप केला असता? तुझं दूध तर तासाभरापूर्वीचं आहे आणि तुझ्याच लेकीसाठी आहे.

माझा मुलगा ३४ आठवड्यांचा. डॉक्टरांनी दिलेली प्रसूतीची तारीख उलटून दहा दिवस झाले तेव्हा त्याने पहिल्यांदा नीट तोंड धरलं. तोवर रोज एकदा, पोट अर्धं भरल्यावर, नुसतं छातीशी ठेवायचे. भुकेजलेलं बाळ चिडतं, अर्धं भरलेलं शिकतं. माझ्या बहिणीचं बाळ मात्र शेवटपर्यंत अंगावर आलंच नाही, तिने पाच महिने काढून पाजलं. बायांनी विचारलं की ती सांगायची, "माझंच पितो." डब्याचं १०० मिली मात्र एकदम बंद करू नकोस. वजन दिवसाला २०-३० ग्रॅम वाढतंय ना, लंगोट सहा-सात वेळा ओले होतात ना, हे बघत डॉक्टरांना विचारूनच कमी कर.

धागाकर्ती:

सगळ्यांना मनापासून धन्यवाद, दोन दिवसांनी लिहितेय. मावशींना फक्त पाठ आणि पाय सांगितलं. गाठ मऊ पडलीय. नरसाळं खरंच मोठं होतं, २१ मिमीचं मागवलं. आठ वेळा जमतंय, कारण आता पंपाच्या वेळी आई बाळाला घेते आणि खीर मी नंतर खाते. काल पहाटे ३ ला डावीकडून १८ मिली निघालं, मी बाबांना उठवून डबी दाखवली. चोवीस तासांचं २५५. वजन परवापासून ५० ग्रॅम वाढलं.

एकच राहिलं. पुण्याला सासरी परत जायचं आहे, गाडीने आठ-नऊ तास. वाटेत पंप हाताचा चालेल का, की हातानेच काढू?