श्रवणयंत्रं ॲपमध्ये दिसतात, पण फोनचा आवाज कानात येत नाही. काय करावं?

सत्तरीची_बाई

नमस्कार. मी गोव्यात सत्तरी तालुक्यात, वाळपईजवळच्या एका मराठी प्राथमिक शाळेत शिकवते, वय ५८. दोन्ही कानांना नऊ वर्षांपासून यंत्रं आहेत. जुन्या जोडीत ब्लूटूथ वगैरे काही नव्हतं. तिने साथ सोडली म्हणून यंदा गणपतीच्या चवथीच्या आधी नवी जोडी घेतली, कानामागे बसणारी, बारीक तार कानात जाणारी, ३१२ नंबरच्या सेलवर चालणारी. लाखाच्या वर पैसे गेले.

घेताना मी एकच प्रश्न तीनदा विचारला होता, माझ्या फोनचा आवाज थेट कानात येईल ना? "ब्लूटूथ आहे बाई, कशालाही जोडतं" असं उत्तर मिळालं. घरी येऊन कंपनीचं ॲप उतरवून घेतलं. त्यात डावं-उजवं दोन्ही दिसतात, आवाज कमी-जास्त होतो, सेल किती उरलाय तेही कळतं. पण फोन वाजला की बोलणं फोनमधूनच येतं, कानात काही नाही. फोन अँड्रॉइड आहे, दोन वर्षांपूर्वीचा, साधाच. फोन कानाला लावला तर यंत्र शिट्टी मारतं.

लेक पुण्याला असते. रात्री साडेनऊला तिचा फोन येतो. मी तो स्पीकरवर टाकते आणि अख्खं घर ऐकतं, सासूबाई, जाऊ, पोरं. परवा ती काहीतरी सांगायला लागली आणि मध्येच थांबली. "आई, स्पीकर चालू आहे ना?" एवढंच विचारलं. मग पाऊस किती पडतोय, गणपतीवरच्या माटोळीला काय काय बांधलं, यावर बोलून तिने फोन ठेवला. तेव्हापासून माझ्या जिवाला चैन नाही.

टीव्हीचंही तेच. टीव्हीच्या ब्लूटूथमध्ये दिराचा साउंडबार सापडतो, माझी यंत्रं सापडत नाहीत. शाळेच्या ऑनलाइन प्रशिक्षणाला लॅपटॉप लावते, तिथेही नाही. यंत्रं बिघडलेली आहेत का? परत करायची मुदत संपायला बारा दिवस आहेत. कुणाला माहीत असेल तर नीट सांगा, मी वहीत लिहून घेते.

फोंडेकर७१

बाई, आमच्या बाबांच्या वेळी असाच गोंधळ झाला होता. फोनच्या ब्लूटूथच्या यादीत यंत्रांची नावं असतील तर ती 'विसरा' करून काढून टाका आणि पुन्हा पेअर करा, म्हणजे जोडा. दुसरं म्हणजे घरात कुणाच्या फोनवर तेच ॲप आधी टाकून पाहिलं होतं का? बाबांची यंत्रं माझ्या बायकोच्या फोनला चिकटून बसायची आणि आम्ही तासभर बाबांचा फोन झाडत बसायचो. टीव्हीला आम्ही वेगळी पेटी घेतली. त्याबद्दल हवं तर सांगेन.

म्हापशाची_ऑडिओलॉजिस्ट

बाई, यंत्रं बिघडलेली नाहीत असं मला तुमच्या वर्णनावरूनच वाटतं. ॲपमध्ये दोन्ही कान दिसतात म्हणजे यंत्रांतला बिनतारी रेडिओ चालू आहे. फक्त ॲपमधून जातो तो हुकूम: आवाज वाढव, कमी कर, कार्यक्रम बदल. त्याला फार थोडी माहिती पुरते. बोलण्याचा आवाज सतत वाहत ठेवणं हे निराळं काम आहे आणि त्यासाठी फोनला आणि यंत्राला एकच भाषा यावी लागते. खोक्यावर 'ब्लूटूथ' लिहिलेलं असलं तरी कुठली भाषा ते त्यावरून कळत नाही. माझ्याकडे येणाऱ्या निम्म्याहून जास्त तक्रारींचं मूळ इथेच असतं.

सध्या चार भाषा चालतात. नेहमीचे हेडफोन, गाडीतला स्पीकर, तुमच्या दिरांचा साउंडबार यांची जुनी ब्लूटूथ, तिला क्लासिक म्हणतात. ती बरीच वीज खाते. चण्याएवढ्या, १.४ व्होल्टच्या सेलवर ती चालवणं अवघड, म्हणून बहुतेक कंपन्यांनी तिला हातच लावला नाही. फोनॅक या यंत्रांच्या कंपनीने २०१७ पासून काही यंत्रांत ती आणली, त्यामुळे ती साध्या फोनलाही जोडतात. दुसरी ॲपलची 'मेड फॉर आयफोन'. अशी यंत्रं २०१४ पासून मिळतात. तिसरी गूगलची, नाव 'आशा'. ती २०१८ मध्ये जाहीर झाली आणि अँड्रॉइड १० पासून आहे. पण इथे मोठी मेख आहे: फोनमध्ये अँड्रॉइड १० किंवा त्यापुढचं असलं तरी फोन बनवणाऱ्याने 'आशा'ची सोय दिली असेल तरच ती चालते, आणि कित्येक स्वस्त फोनांत ती नसते. चौथी 'एलई ऑडिओ'. तिचे सगळे नियम २०२२ मध्ये पूर्ण झाले, अँड्रॉइड १३ पासून ती येऊ लागली. पुढेमागे सगळं तिच्यावर जाईल, पण आज फोनवर ब्लूटूथ '५.२' किंवा '५.३' छापलंय म्हणून ती असेलच असं धरू नका, ती ऐच्छिक आहे.

तुमची यंत्रं बहुधा दुसऱ्या आणि तिसऱ्या भाषेची आहेत आणि फोनला त्यातली एकही येत नाही. खात्री करून घ्यायची असेल तर कुणाचा तरी आयफोन दहा मिनिटं मागा. त्याचं ब्लूटूथ चालू ठेवा, पण ब्लूटूथच्या यादीत शोधू नका. सेटिंगमध्ये 'ॲक्सेसिबिलिटी', त्यात 'हिअरिंग डिव्हायसेस' उघडा. यंत्रांची सेलची दारं उघडून पुन्हा बंद करा. त्यानंतर दोन-तीन मिनिटंच यंत्रं नव्या फोनला हाक देतात. तेवढ्यात दोन्ही कानांसाठी परवानगी विचारली जाईल, दोन्ही वेळा 'पेअर' करा. तुमच्या फोनवरही ॲक्सेसिबिलिटीत हे पान आहे का ते बघा. ताजे सेल घाला. एका कानाचा सेल उतरलेला असला तर एकच कान जोडला जातो आणि माणूस उगाच घाबरतो.

सत्तरीची_बाई

मॅडम, दीर बहारीनहून सुट्टीवर आलेत, त्यांच्याकडे आयफोन आहे. काल रात्री जेवणं झाल्यावर बसलो. जुने सेल काढले, नव्यांची तपकिरी पट्टी सोलून मिनिटभर हवेत ठेवले, घातले. दारं खटकन बंद केली आणि त्या पानावर माझं नाव आलं, खाली डावं-उजवं. दोनदा 'पेअर'. मग लेकीला म्हटलं, काकांच्या नंबरवर फोन कर.

मला नीट लिहिता येत नाही हे. आवाज समोरून किंवा हातातल्या फोनमधून नव्हता, दोन्ही कानांच्या मधोमध होता. ती वाक्य संपवताना 'हं' म्हणते आणि आधी बारीकसा श्वास घेते. लहानपणी पाढे म्हणतानाही घ्यायची. तो श्वास मी विसरूनच गेले होते. दीर समोर बसून माझ्या तोंडाकडे बघत होते, त्यांना काहीच ऐकू येत नव्हतं.

माझ्या फोनवर ते पान आहे, पण तो नुसता शोधत राहतो, नावं येत नाहीत. म्हणजे तुमचं बरोबर. आता आयफोनच घ्यावा लागणार का? तेवढे पैसे आत्ता नाहीत. आणि यंत्रं परत करून दुसरी घेऊ का?

म्हापशाची_ऑडिओलॉजिस्ट

परत करू नका. बोलणं समजण्याच्या दृष्टीने ती तुम्हाला मानवली आहेत का, हा पहिला प्रश्न. वर्गात मागच्या बाकावरचं मूल ऐकू येतंय ना? मग ठेवा. फोनसाठी कान बदलायचा नसतो.

दोन वाटा आहेत. एक म्हणजे 'आशा' येणारा अँड्रॉइड. यंत्राच्या कंपनीच्या संकेतस्थळावर चालणाऱ्या फोनांची यादी असते. त्यात मॉडेलचं पूर्ण नाव, शेवटच्या अक्षरापर्यंत जुळतंय का बघा, आणि दुकानात यंत्रं घालून जा, पैसे देण्याआधी तिथेच जोडून एक फोन करून घ्या. 'आशा'त तुमचं बोलणं मात्र फोनचाच माइक उचलतो. म्हणून फोन तोंडासमोर हवा, तो आतल्या खोलीत ठेवून स्वयंपाकघरातून बोलता येणार नाही.

दुसरी वाट क्लिपची. तुमच्याच यंत्राच्या कंपनीची, दुसऱ्या कंपनीची चालणार नाही. काडेपेटीएवढी असते, पदराला किंवा गळ्यात अडकवायची. ती फोनशी जुनी क्लासिक भाषा बोलते आणि यंत्रांशी त्यांची आपली, म्हणजे दुभाषीच. आताचा फोन तसाच चालेल, लॅपटॉपही चालेल. तिच्यात माइक असतो, त्यामुळे फोन पर्समध्ये राहिला तरी चालतं. शिक्षकांच्या बैठकीत ती बोलणाऱ्यापुढे टेबलावर ठेवलीत तर त्याचं बोलणं थेट कानात येईल. तुमच्या कामाला मला हीच योग्य वाटते. घेण्याआधी चार दिवस वापरायला मागा.

काणकोणकरीण

मी तीन वर्षं क्लिप वापरते. दोन गोष्टी सांगते ताई. ती रोज चार्ज करावी लागते, विसरलात तर ऐन वेळी गप्प बसते. आणि आवाज ऐकत राहिलं की यंत्राचे सेलही लवकर संपतात, सहा सेलचं पान कायम पर्समध्ये असू द्या. पावसात दोन्ही यंत्रं रात्री ओल शोषणाऱ्या सिलिकाच्या डबीत ठेवा, आपल्याकडची हवा यंत्रांना सोसत नाही. आणि फोन कमरेच्या पिशवीत एका बाजूला असला तर आवाज तुटतो, कारण ब्लूटूथच्या २.४ गिगाहर्ट्‌झच्या लहरी अंगातून आरपार जात नाहीत. पुढच्या बाजूला धरा.

सत्तरीची_बाई

क्लिप आणली. आज अकरावा दिवस. लॅपटॉपला पहिल्या फटक्यात जोडली गेली, प्रशिक्षणात शेजारच्या बाईंना "काय म्हणाले?" असं एकदाही विचारावं लागलं नाही. फोनला जोडताना आधी ब्लूटूथच्या यादीतली जुनी नावं काढली, फोंडेकरांनी सांगितलं तसं. कॉटनच्या साडीला क्लिप ओढ देते, म्हणून मी ती मंगळसूत्राखाली दोरीने बांधते. कदंबाच्या बसमध्ये होंडा गावापासून साखळीपर्यंत लेकीशी बोलत आले. खिडकी उघडी, बस भरलेली, आणि तरी शब्द न् शब्द कळत होता.

साडेनऊचा फोन आता मी मागच्या पडवीत घेते. परवा तिने ते राहिलेलं सगळं सांगितलं. काय ते इथे लिहिण्यासारखं नाही. पाऊण तास बोललो.

आता टीव्ही. फोंडेकर, तुमच्या बाबांच्या पेटीबद्दल सांगता का? आमच्या टीव्हीला मागे ऑप्टिकलचं (उजेडातून आवाज बाहेर देणारं) भोक आहे. आणि सासूबाईंना आवाज बाहेरच हवा, त्यांचं सगळं आयुष्य संध्याकाळच्या मालिकांवर आहे.

फोंडेकर७१

हो बाई. पेटीही यंत्राच्याच कंपनीची लागते. ती टीव्हीच्या मागून आवाज घेते आणि थेट यंत्रांना देते, ओठ आणि शब्द जुळतात. टीव्हीच्या ब्लूटूथवरून जो आवाज येतो तो मागे पडतो, तसं इथे होत नाही. ऑप्टिकलच्या भोकात प्लास्टिकचं बारीक टोपण असेल तर ते आधी काढा. तारेच्या टोकालाही एक असतं. तार घालून आत लाल उजेड दिसला की झालं. आवाज आला नाही तर टीव्हीच्या ध्वनीच्या मेनूत 'पीसीएम' (साधा, न दाबलेला आवाज) निवडा.

सासूबाईंचं महत्त्वाचं. काही टीव्ही ऑप्टिकल चालू केला की स्वतःचे स्पीकर बंद करतात. आमच्याकडे पहिल्या दिवशी हेच झालं, बाबा खूश आणि आईला काहीच ऐकू येईना. मेनूत 'टीव्ही स्पीकर आणि ऑप्टिकल' असं दोन्ही एकत्र आहे का ते पेटी घेण्याआधी बघून ठेवा. नसेल तर मागे लाल-पांढऱ्या भोकांची ऑडिओ आउटची जोडी आहे का पाहा, पेटीला बहुधा तीही तार लागते. टीव्हीच्या मागचा एक फोटो इथे टाका, मी सांगतो.

सत्तरीची_बाई

लाल-पांढरी भोकं आहेत, पण त्यावर 'इन' लिहिलंय. मेनूत 'टीव्ही स्पीकर + ऑप्टिकल' सापडलं. उद्या दीर पेटी आणायला म्हापशाला जाताहेत.