‘फ्लेअर अप’ म्हणजे नुसतं भडकणं नव्हे

‘द आर्ग्युमेंट फ्लेअर्ड अप अगेन’ याचं मराठी ‘वाद पुन्हा भडकला’ असं केलं तर कुणी हरकत घेणार नाही. पण त्याच हिशेबाने ‘हिज गाउट फ्लेअर्ड अप अगेन’चं ‘त्याचा गाउट पुन्हा भडकला’ करून पाहा (गाउट म्हणजे सांधे सुजून ठणकण्याचा आजार). अर्थ कळतो, पण असं कुणी बोलत नाही. क्रियापद तेच, मग एकीकडे ‘भडकणे’ चपखल का बसतं आणि दुसरीकडे का खटकतं?

आधी नुसता ‘फ्लेअर’ घेऊ. आज तो ऐकला की ज्वाळा डोळ्यांपुढे येते. सोळाव्या शतकात मात्र इंग्रजीत तो केस पसरण्यासाठी वापरलेला दिसतो. लखकन उजळण्याचा अर्थ पुढच्या शतकातला. पसरण्याचा तो जुना अर्थ अजून जिवंत आहे. गुडघ्याखाली घेर वाढत जाणारी पँट ‘फ्लेअर्ड’ असते आणि चिडलेल्या माणसाच्या नाकपुड्या ‘फ्लेअर’ होतात. आपण केस पिंजारतो आणि नाकपुड्या फेंदारतो. म्हणजे इंग्रजी जिथे एका शब्दात भागवते तिथे मराठीला दोन लागतात, आणि ही तर सुरुवातच आहे.

(कसब किंवा उपजत जाण या अर्थाचा ‘फ्लेअर’ वेगळा. त्याच्या स्पेलिंगमध्ये ‘आय’ असतो, पण उच्चार तोच. देवनागरीत लिहिलं की दोन्ही जुळे होतात, तेव्हा संदर्भ बघूनच ओळखायचं.)

आता ‘अप’. ज्वाळा वर जाते, म्हणून ‘अप’. आपल्याकडेही रागाची दिशा हीच आहे: तळपायाची आग मस्तकात जाते! ‘ही फ्लेअर्स अप ॲट द स्लायटेस्ट थिंग’ म्हणजे ‘जरा काही झालं की तो भडकतो’. माणसावर भडकायचं असेल तरी इंग्रजीत ‘ॲट’च येतो; ‘शी फ्लेअर्ड अप ॲट मी’, ती माझ्यावर भडकली. आपला ‘वर’ डोक्यात ठेवून ‘ऑन मी’ लिहिण्याची चूक बरेचजण करतात.

दुसरी चूक जास्त मोठी. मराठीत ‘भडकणे’वरून ‘भडकवणे’ सहज होतं. ‘फ्लेअर अप’ मात्र अकर्मकच वापरतात. ‘ही फ्लेअर्ड अप द क्राउड’ असं म्हणता येत नाही. जमाव भडकवायला ‘इन्साइट’ किंवा ‘स्टर अप’ लागतो. भांडण स्वतःहून ‘फ्लेअर अप’ होतं, कुणी ते ‘फ्लेअर अप’ करत नाही.

पण या शब्दाचा खरा जीव आहे तो राखेखालच्या निखाऱ्यात. ‘अ फायर ब्रोक आउट’ म्हणजे आग लागली. ‘द फायर फ्लेअर्ड अप’ म्हणजे आग आधीच होती, विझत आली असं वाटत होतं आणि ती एकदम उसळली. दंगल, सीमेवरची चकमक, जुनं वैर यांच्या बातम्यांत ‘ब्रोक आउट’ आणि ‘फ्लेअर्ड अप’ यांतला फरक बहुधा हाच असतो. दुसऱ्यात आधीचं धुमसणं गृहीत धरलेलं असतं. रागाच्या बाबतीत हे तितकंसं कडक नाही, कारण माणूस एरवी शांत असूनही क्षणात भडकू शकतो. वाद आणि वैर यांना ‘उफाळून येणे’ मला ‘भडकणे’पेक्षाही जवळचं वाटतं, खाली काहीतरी होतं हे त्यातच आलं.

दुसरी खूण म्हणजे अल्पायुष्य. भडका उडतो आणि बसतो. १ सप्टेंबर १८५९ रोजी इंग्रज खगोलशास्त्रज्ञ रिचर्ड कॅरिंग्टन सूर्यावरच्या डागांचं चित्र काढत असताना त्यांना पांढऱ्या प्रकाशाचे दोन ठिपके दिसले आणि सुमारे पाच मिनिटांत ते मावळलेसुद्धा. अशा प्रकाराला आज ‘सोलर फ्लेअर’, म्हणजे सौरज्वाला म्हणतात. असं एकदम येणं आणि ओसरणं नसेल तर शब्द बदलावा. म्हणूनच ‘चिघळणे’ इथे चालत नाही. जखम चिघळते, संप चिघळतो, पण हळूहळू आणि बिघडतच जातो. ‘बळावणे’सुद्धा तसंच, त्यात झटका नाही.

भाव भडकतात तेव्हा इंग्रजीत ‘प्राइसेस फ्लेअर अप’ सहसा म्हणत नाहीत, तिथे ‘शूट अप’ किंवा ‘सोअर’. भडक रंगाचाही याच्याशी संबंध नाही.

आता आजार. संधिवात, ल्युपस, सोरायसिस, एक्झिमा ही दुखणी मुक्कामाला असतात. मधले दिवस बरे जातात आणि मग एकदम त्रास वाढतो. डॉक्टर त्याला ‘फ्लेअर-अप’ किंवा नुसतं ‘फ्लेअर’ म्हणतात. इथे ‘आजार उद्भवला’ लिहिणं चुकीचं, कारण तो गेलेलाच नव्हता. मराठीत यासाठी सुरेख प्रयोग आहे: दुखणं उचल खातं. ‘उचल’मध्ये ‘अप’ही आला, अचानकपणाही आला आणि मूळ दुखणं मुक्कामी आहे हेही आलं. ‘डोकं वर काढलं’ हेही चालेल, फक्त त्यात जोर थोडा कमी. तेव्हा त्या गृहस्थांच्या गाउटने पुन्हा उचल खाल्ली.

अडचण उरते ती नामाची. ‘थ्री फ्लेअर-अप्स लास्ट इयर’ याचं ‘तीन उचली’ केलं तर वाचणाऱ्याला कर्ज आठवेल, आणि ‘तीन उद्रेक’ म्हटलं तर साथ किंवा ज्वालामुखी. मी तरी नामाचा हट्ट सोडून देईन आणि लिहीन: ‘गेल्या वर्षी दुखण्याने तीनदा उचल खाल्ली.’