पैशांच्या हिशेबात फ्लोट वापरूच नये का?

खतावणी:
माझं मत ठाम आहे. प्रोग्रॅमिंग शिकवताना पहिल्याच आठवड्यात सांगायला हवं की पैसा फ्लोटमध्ये ठेवायचा नाही. (फ्लोट म्हणजे अपूर्णांकांसाठीचा तो प्रकार, ज्यात यंत्र संख्या ठरावीक अंकांपुरतीच ठेवतं.)

एका पतसंस्थेच्या पिग्मी ठेवींचं सॉफ्टवेअर मी सांभाळतो. महिन्याच्या व्याजाची बेरीज आणि खात्यांवर पडलेली रक्कम यांचा ताळा जमेना. दोन रुपये, कधी तीन रुपये कमी. चार रात्री शोधलं तेव्हा सापडलं. १९.९९ रुपयांचे पैसे करताना कोड १०० ने गुणत होता आणि दशांश भाग उडवत होता. गुणाकार येत होता १९९८.९९९९९९९९९९९९८, खात्यात पडत होते १९९८ पैसे.

कारण शाळेतल्या गणिताचंच आहे. एक तृतीयांश दशांशात लिहायला गेलं की ०.३३३... संपत नाही. तसाच एक दशांश यंत्राच्या द्विमान पद्धतीत, म्हणजे फक्त ० आणि १ वापरून लिहिताना, संपत नाही. यंत्र तो कुठेतरी तोडतं, म्हणून ०.१ आणि ०.२ ची बेरीज ०.३००००००००००००००४ दिसते. भाजीच्या गाडीवरून रोज पन्नास रुपये भरणाऱ्या बाईंना मी हे कारण सांगू शकत नाही. त्यांचा पैसा त्यांना मिळाला पाहिजे.

शून्यएक:
कळकळ पटली, आरोपी पटला नाही. चूक दशांश भाग उडवणाऱ्या ओळीची आहे. तिथे जवळचा पूर्णांक घेतला असता तर १९९९ च आले असते.

डबलमध्ये, म्हणजे ६४ बिटांच्या फ्लोटमध्ये, ९,००,७१,९९,२५,४७,४०,९९२ पर्यंतचा प्रत्येक पूर्णांक तंतोतंत बसतो. म्हणजे रक्कम पैशांत मोजून डबलमध्ये ठेवलीत, तरी नव्वद लाख कोटी रुपयांपर्यंत बेरीज-वजाबाकीत एक पैसा हलणार नाही. १९८५ मध्ये आयट्रिपलई ७५४ हे फ्लोटच्या गणिताचं मानक आलं, त्याआधी वेगवेगळ्या कंपन्यांची यंत्रं एकाच गणिताची वेगळी उत्तरं देत. ते घडवण्यात पुढे असलेल्या विल्यम काहान यांना १९८९ चा ट्युरिंग पुरस्कार, म्हणजे संगणकशास्त्रातला सर्वोच्च सन्मान, मिळाला तो याच क्षेत्रातल्या कामासाठी. एवढ्या विचाराने बांधलेली गोष्ट नवशिक्यांना 'हात लावू नका' म्हणून दाखवायची, हे मला पटत नाही.

खतावणी:
ओळ चुकली हे मान्य. पण ती ओळ लिहिणारा मुलगा हुशार होता, आणि चाचणीत १० रुपये, २५ रुपये, ५० रुपये टाकून सगळं बरोबर येत होतं. अशी चूक दिसतच नाही, हाच धोका. १९९१ मध्ये सौदी अरेबियात दहरानला पॅट्रियट क्षेपणास्त्र यंत्रणा चुकली, २८ सैनिक गेले. तिथेही ०.१ सेकंदच होता.

पाटीपेन्सिल:
पॅट्रियटचं उदाहरण तुमच्याच विरुद्ध जातं. त्या यंत्रणेचं घड्याळ सेकंदाचे दहावे भाग पूर्णांकात मोजत होतं. त्याला ०.१ ने गुणताना तो ०.१ २४ बिटांच्या फिक्स्ड पॉइंटमध्ये, म्हणजे बिंदूची जागा कायम ठरलेल्या प्रकारात, तोडलेला होता. फ्लोट नव्हे. शंभर तास यंत्रणा बंद न करता चालली आणि ०.३४ सेकंदांचा फरक साचला.

व्हँकुव्हर शेअर बाजाराचंही तसंच. १९८२ मध्ये निर्देशांक १००० पासून सुरू केला. प्रत्येक व्यवहारानंतर तिसऱ्या दशांशापुढचं कापून टाकायचे, राउंड करायचे नाहीत. नोव्हेंबर १९८३ मध्ये तो ५२४ च्या आसपास होता, दुरुस्त केल्यावर १०९८ च्या वर निघाला. दोन्हीकडे मूळ दुखणं एकच: तोडणं नेहमी एकाच बाजूला झुकतं, आणि ते साचतं.

पूर्णांक पैसे घ्या, जरूर घ्या. पण १०० रुपये तिघांत वाटा. ३३.३३ तीनदा, झाले ९९.९९. उरलेला पैसा कुणाचा? संख्या दशांशातच ठेवणारा डेसिमल प्रकार वापरलात तरी हा प्रश्न तसाच राहतो. शिवाय पायथन भाषेचं राउंड २.५ चे २ करतं, एक्सेलचं ३. हा निर्णय प्रोग्रॅमरने गुपचूप घ्यायचा की संस्थेने लिहून द्यायचा?

शून्यएक:
शिकवायचं असेल तर हे शिकवा. मी पूर्ण सहमत.

खतावणी:
पॅट्रियटबद्दल माझी माहिती अर्धवट होती, ते उदाहरण मागे घेतो. डेटाबेसमध्ये मात्र रक्कम डेसिमलमध्येच राहील, कारण माझ्यानंतर येणाऱ्याला हे सगळं माहीत असेलच असं नाही.

उरलेल्या पैशाचा नियम आमच्याकडे कुठेच लिहिलेला नाही, हे आज तपासलं. संचालक मंडळापुढे ठेवतोय. तुमच्याकडे तो शेवटच्या हप्त्यात घालतात की पहिल्या?