मदत हवी आहे: जांभ्याखालच्या काळ्या मातीचं वय परागकणांवरून काढायचंय

मंडळी, बेळगावात एमएस्सी जिऑलॉजी करतोय. प्रोजेक्टसाठी रत्नागिरीकडच्या एका विहिरीतली, जांभ्याच्या खालची काळी माती आणलीय, आत कोळसा झालेलं लाकूड पण आहे. हायड्रोक्लोरिक अ‍ॅसिड देऊन, चाळून, जड द्रवात तरंगवून परागकण काढलेत (हायड्रोफ्लोरिक आमच्या लॅबमध्ये वापरू देत नाहीत, बरोबरच आहे म्हणा). स्लाइडवर रायझोफोरासारखे (म्हणजे कांदळाच्या झाडाचे) कण लई दिसतात, म्हणजे खाडी, कांदळवन जवळच असणार, इथवर ठीक. पण कांदळ तर आजही आहे, त्यावरनं वय कसं सांगू? कार्बन डेटिंग साधारण ५० हजार वर्षांच्या पलीकडं चालत नाही आणि हा थर मायोसीनचा (साधारण २.३ कोटी ते ५३ लाख वर्षांपूर्वीचा काळ) मानतात. शिंपले, फोरॅमिनिफेरा (समुद्रातले कवचवाले सूक्ष्मजीव) काहीच मिळालं नाही. तर मायोसीन ठरवायला नेमके कोणते नामशेष प्रकार शोधू, आणि जुन्या थरातनं वाहून आलेले कण वेगळे कसे ओळखायचे?