ब्रिटन–फ्रान्स ये-जा: माणसं घरासाठी जातात, कामासाठी की कागद जुळतात म्हणून?

पैलतीर

इंग्लिश माणूस उन्हासाठी फ्रान्सला जातो आणि फ्रेंच पोरं पगारासाठी लंडनला येतात, हे उत्तर फार ऐकलंय. मला ते अपुरं वाटतं. ऊन स्पेनमध्ये जास्त आहे, पगार जर्मनीतही चांगले आहेत. माझ्या मते इथली ये-जा समजायची तर प्रत्येक देशात काय अडून बसलंय ते बघावं. फ्रान्समध्ये पहिली नोकरी अडते, ब्रिटनमध्ये घर अडतं.

फ्रान्समध्ये 'सेदेई', म्हणजे कायम नोकरीचा करार, हातात नसेल तर घर भाड्याने मिळणं मुश्किल. मालक भाड्याच्या तिप्पट पगार बघतो, वर जामीनदार मागतो. नोकरी देणारा पदवी कोणत्या संस्थेची हे आधी विचारतो. म्हणून पंचविशीतली मुलं युरोस्टारने सव्वादोन तासांत लंडन गाठत. तिथे पदवीवाचून कॅफेत काम मिळे आणि घरात खोली वाटून घेता येई. तिथे किती फ्रेंच आहेत ते यावरून बघा: २०१२ पासून परदेशस्थ फ्रेंच मतदार आपले ११ खासदार निवडून देतात. त्यातल्या उत्तर युरोपच्या मतदारसंघात सर्वांत मोठा गट ब्रिटनमधल्या मतदारांचा आहे.

उलट दिशेला ब्रिटिश जातात ते फ्रान्सच्या ग्रामीण भागात: दोर्दोन्य, शारांत, ब्रिटनी या फ्रेंच प्रांताचा आतला भाग. तिथली जुनी दगडी घरं स्वस्त का? एक तर तरुण शहरात गेले. दुसरं, फ्रेंच वारसा कायद्यात मुलांचा वाटा डावलता येत नाही. चार भावंडांचं सामाईक घर, एकाला विकायचंय, दोघे पॅरिसला, चौथा उत्तरच देत नाही. कोकणात सातबाऱ्यावर पंधरा नावं असलेलं बंद घर बघितलेल्याला हे वेगळं सांगायला नको. शेवटी वाटेकरी कंटाळतात आणि येईल त्या किमतीला विकतात. ब्रिटनमधलं साधं जोडघर विकून आलेल्याला ती किंमत किरकोळ वाटते.

नोंदवही

असहमत. हे २०२० पर्यंतचं चित्र झालं. ३१ डिसेंबर २०२० ला ब्रेक्झिटमुळे मुक्त संचार संपला आणि तेव्हापासून कोण जाणार हे कागद ठरवतो.

फ्रान्समध्ये घर घेतल्याने तिथे राहायचा हक्क मिळत नाही. इथेच सर्वांत जास्त लोक फसतात. ब्रिटिश पासपोर्टवर कोणत्याही १८० दिवसांत ९० दिवस. हा हिशेब जानेवारी ते जून असा नसतो. रोज मागचे १८० दिवस मोजायचे. १ मार्चपासून सलग ९० दिवस राहून ऑगस्टाच्या सुरुवातीला परत आलात तर मोजणी चुकलीच. पूर्वी पासपोर्टवरचा शिक्का पुसट म्हणून काही जण निभावून जात. १२ ऑक्टोबर २०२५ पासून बोटांचे ठसे आणि चेहरा नोंदवणारी युरोपीय प्रवेश-नोंदणी टप्प्याटप्प्याने सुरू झाली, आता यंत्रच दिवस मोजतं.

जास्त राहायचं तर 'व्हिझितर' हा दीर्घ मुक्कामाचा व्हिसा. अर्ज निघण्याआधीच्या तीन महिन्यांतच करता येतो. उत्पन्न साधारण फ्रेंच किमान वेतनाइतकं दाखवायचं, राहण्याचा पत्ता द्यायचा, फ्रान्समध्ये काम करणार नाही असं लेखी द्यायचं. पोचल्यावर तीन महिन्यांत ऑनलाइन वैध करायचा. हे राहिलं तर घरात बसूनही तुमचा मुक्काम बेकायदा ठरतो.

खरी मेख आरोग्याची आहे. ब्रिटिश सरकारी पेन्शन सुरू झालेल्याला 'एस-१' फॉर्म मिळतो. तो फ्रेंच आरोग्य विमा कार्यालयात दिला की उपचारांचा खर्च ब्रिटन उचलतं. पेन्शन सुरू होण्याआधी, साठीलाच निवृत्त झालेल्याला तो मिळत नाही. त्याने वर्षभराचा खाजगी विमा दाखवायचा, तीन महिने सलग राहून मग फ्रेंच व्यवस्थेत अर्ज करायचा, आणि उत्पन्न गुंतवणुकीचं असेल तर कदाचित ६.५ टक्के वेगळी वर्गणी भरायची. पेन्शनच्या आधी निघणारे आणि नंतर निघणारे, या दोघांचं गणितच वेगळं. घर स्वस्त आहे की नाही हा पुढचा प्रश्न.

फ्रेंच मुलांचंही तेच. त्यांना आता परदेशी माणूस नोकरीवर ठेवायचा परवाना असलेला मालक, पदवी पातळीचं काम आणि (जुलै २०२५ पासून) साधारणपणे वर्षाला ४१,७०० पौंड पगार लागतो, वर दर वर्षाचा १,०३५ पौंड आरोग्य अधिभार. कॅफेतली नोकरी यात बसत नाही. पैलतीर, तुम्ही ज्या पंचविशीतल्या मुलांबद्दल लिहिलंत त्यांची वाट बंद झाली आहे.

दर्यावर्दी

तुम्ही दोघेही फक्त पासपोर्टवाल्यांबद्दल बोलताय. उत्तर फ्रान्समधल्या कॅलेच्या किनाऱ्यावरून रबरी बोटीत बसणारा सुदानी किंवा अफगाण माणूससुद्धा फ्रान्समधून ब्रिटनलाच जातोय. २०१८ मध्ये असे २९९ जण पोचले, २०२२ मध्ये ४५,७०० हून जास्त. २४ नोव्हेंबर २०२१ ला एका बोटीतले किमान २७ जण बुडून मेले.

'ब्रिटनमध्ये फुकट पैसे मिळतात म्हणून' हे कारण आकड्यांत टिकत नाही. निवारा मिळालेल्या पण स्वयंपाक स्वतः करणाऱ्या आश्रयार्थीला ब्रिटनने २०२४ मध्ये आठवड्याला ४९.१८ पौंड दिले. फ्रान्समध्ये एकट्याला दिवसाला ६.८० युरो, निवारा नसेल तर आणखी ७.४०. कामाची परवानगी फ्रान्समध्ये सहा महिन्यांनी मागता येते, ब्रिटनमध्ये बारा महिन्यांनी आणि तीही ठराविक कामांसाठी. तरीही माणसं निघतात. कारण इंग्रजी थोडीफार येते, भाऊ किंवा मामा बर्मिंगहॅमला आहे.

आणि एक कागद यांच्याही बाबतीत आहे. 'डब्लिन' नियमाखाली, ज्याचे ठसे आधी दुसऱ्या युरोपीय देशात घेतले गेले त्याला तिथे परत पाठवता येत असे. २०२० अखेर ब्रिटन त्यातून बाहेर पडलं. जर्मनीत अर्ज नाकारला गेलेल्याला फ्रान्समध्ये तो नियम आडवा येतो, ब्रिटनमध्ये येत नाही.

मोगरी

नोंदवही, नियम 'कोण' ते ठरवतात, 'का' ते ठरवत नाहीत. आश्रय मागायला ब्रिटनच्या भूमीवर पोचावं लागतं, त्यासाठी कोणताही व्हिसा नाही, आणि २००३ च्या ल तुके करारामुळे ब्रिटिश तपासणी कॅलेतच होते. बंदर आणि समुद्राखालचा रेल्वे बोगदा दोन्हींवर कुंपणं वाढली तशी माणसं ट्रकमधून बोटीत गेली. जाण्याची इच्छा तीच राहिली, धोका वाढला. हे मला या सगळ्या चर्चेतलं सर्वांत वाईट वाटतं.

पैलतीर, स्वस्त घराचं कारण मान्य, पण खर्च अर्धाच सांगितलात. जुन्या घरावर नोटरीचा खर्च ७ ते ८ टक्के. प्राथमिक करारानंतर खरेदीदाराला माघारीसाठी १० दिवस, मग अनामत अडकते. खेड्यात गटारयोजना नसते, सेप्टिक टाकी असते. तिचा तपासणी अहवाल तीन वर्षांच्या आतला हवा. टाकी नियमाबाहेर असेल तर खरेदीनंतर एका वर्षात नव्या मालकाने दुरुस्त करायची. हा अहवाल फ्रेंचमध्ये असतो आणि बरेच जण न वाचता सही करतात.

त्यात खेड्यांत डॉक्टर नाहीत. कुटुंबाचा डॉक्टर नोंदवला नाही तर भेटीच्या दराचे ७० टक्क्यांऐवजी ३० टक्केच परत मिळतात, आणि जवळचा डॉक्टर नवा रुग्ण घेत नाही. ऐंशीत गाडी चालवणं थांबलं की बस नाही, दुकान नाही. जोडीदार गेल्यावर परत निघणारे याच कारणांनी निघतात. जाण्याचं कारण शोधताय तर परतण्याचंही बघा.

पैलतीर

टाकीचा मुद्दा घेतला. डब्लिनबद्दल दर्यावर्दींशी अर्धाच सहमत. ब्रिटन त्या नियमात असतानाही, १९९९ ते २००२, कॅलेजवळच्या सांगात गावातली रेड क्रॉसची छावणी ब्रिटनला निघालेल्या माणसांनी भरलेली होती. नियमाने ओढ तयार झाली असं म्हणता येणार नाही, फार तर वाढली.

आणि नोंदवही, वाट बंद झाली तरी कारण संपत नाही. १६८५ नंतर ह्युगेनॉट, म्हणजे फ्रेंच प्रोटेस्टंट, लोकांना फ्रान्स सोडायलाच बंदी होती, तरी हजारो इंग्लंडला आले. १८१६ च्या सुमाराला नॉटिंगहॅमच्या लेसवाल्यांनी यंत्रं चोरून कॅलेला नेली, कारण ब्रिटनमधून यंत्रं बाहेर न्यायला मनाई होती आणि फ्रान्समध्ये लेस आयातीला. दोन बंद्यांच्या मधल्या फटीतच कॅलेचा लेस उद्योग उभा राहिला.

नोंदवही

लेसचं उदाहरण माझ्याच बाजूचं आहे. मनाई होती म्हणूनच माणूस कॅलेला गेला, नाहीतर लेस नॉटिंगहॅमलाच विणून पाठवली असती.

पेन्शनचं एक राहिलं, आणि हे ब्रिटनमध्ये आयुष्य काढलेल्या मराठी लोकांनाही लागू आहे. ब्रिटिश सरकारी पेन्शन फ्रान्समध्ये राहणाऱ्याला दरवर्षी वाढून मिळते. पुण्याला परतणाऱ्याची मात्र भारतात आल्या वेळच्या रकमेवर गोठते, पुढची वीस वर्षं तेवढीच. दोन्ही ठिकाणी घर स्वस्त, ऊन भरपूर. निवृत्तीनंतर कुठे जायचं हे ठरवताना हा एक नियम घराच्या किमतीपेक्षा जास्त पैसे हलवतो, म्हणून निघण्याआधी पेन्शन विभागाकडून लेखी आकडा मागवून घ्यावा.